फिन्टन कॉटरची पिंपातली निलगिरी

फिन्टन कॉटरला आपल्या बहिणीशी एक वाक्य बोलायचं होतं. "नोरीन, परत जाऊ नकोस." नाव धरून चार शब्द. ते बोलायच्या ऐवजी त्याने झाड लावलं.

आता ह्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. त्या काळी आमच्या रॉसकारिग गावात कुठलाच पुरुष असलं काही बोलायचा नाही. बायकोवर जीव असला तर नवरा गुपचूप तिच्या सायकलच्या चेनला तेल घालून ठेवायचा, आणि सायकल कुरकुरली नाही की बायकोला कळायचं. फिन्टनला बायकोही नव्हती, म्हणजे सरावाचासुद्धा प्रश्न नाही. अडतीस वर्षं तो पोस्टाच्या काउंटरमागे बसला आणि गावाशी जाळीतून बोलला. "पुढचा." "इथे सही." "हा फॉर्म चालणार नाही." ह्या तीन वाक्यांवर त्याने अख्खी नोकरी काढली आणि निवृत्तीला गावाकडून एक छत्री मिळवली. छत्री चांगली होती. पण आमच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात छत्री ही फक्त हातात धरायची वस्तू आहे, उघडायची नाही.

नोरीन त्याची थोरली बहीण. एकविसाव्या वर्षी बोटीत बसून टास्मानियाला गेली, तिथल्या लेस नावाच्या सफरचंदाच्या बागवाल्याशी लग्न केलं आणि चाळीस वर्षं नाताळला कार्ड पाठवत राहिली. मग लेस वारला. मुलगी नोकरीपायी तिकडच्या तिकडे आणखी लांब गेली. आणि एका फेब्रुवारीत नोरीन दोन बॅगा घेऊन आईवडिलांच्या ह्या घराच्या दारात उभी राहिली.

"आठ महिने राहते," ती म्हणाली. "बारा ऑक्टोबरचं परतीचं तिकीट आहे."

आणि तिने ते तिकीट स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे खोचून ठेवलं. झालं. त्या दिवसापासून फिन्टनने वेळ बघायला मान वर केली की त्याला किती वाजले ते कळायचंच नाही, बारा ऑक्टोबर तेवढी दिसायची.

खरं सांगायचं तर त्या घराला तेव्हा नुकता कुठे कंठ फुटला होता. ताटाळ्यात दोन ताटं उभी दिसायला लागली. नोरीन रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडायची. "हा बघ, पाऊस येईल म्हणतो! अरे, खिडकीतून बाहेर बघ की जरा!" बटाटे सोलताना बेसूर गायची, आईसारखंच, त्याच त्या जागी चुकत. फिन्टन शेजारच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचा आणि पान उलटायचं विसरायचा.

मार्चमध्ये तिला सर्दी झाली आणि सगळा घोळ तिथे सुरू झाला.

सर्दी झाल्याबरोबर शेजारची कॉन्सेप्टा हर्ली हजर. रॉसकारिगमध्ये काहीही घडायचं असलं की आधी ते कॉन्सेप्टाला कळायचं, मग घडायचं. तिने निलगिरीच्या तेलाची बाटली आणली, गरम पाण्यात चार थेंब टाकले आणि नोरीनच्या डोक्यावर टॉवेल टाकून तिला वाफेवर दाबून धरलं. पाच मिनिटांनी नोरीन वर आली, लाल, घामेजलेली, डोळ्यांत पाणी.

"अगदी आमच्या तिकडच्या मागच्या अंगणाचा वास गं," ती म्हणाली. आणि गप्प झाली.

फिन्टनने हे दारातून ऐकलं आणि त्याच्या डोक्यात शिक्का बसला. तिला तिकडची आठवण येते, म्हणून ती परत जाणार. तिकडचं अंगण जर इकडेच आणलं, तर जाईल कशाला? आता बघा, एवढा विचार करणाऱ्या माणसाला बहिणीला सरळ विचारणं किती सोपं होतं. पण नाही.

त्याने लांबच्या एका नर्सरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सुंदर अक्षरात: टास्मानियाच्या डोंगरावरची एक जात आहे, पानं रुपेरी, गोल, नाण्यासारखी, आपली थंडी आरामात सोसेल. पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात जमिनीत लावलीत तर फार वाढेल आणि एक दिवस कुणाच्या तरी छपरावर आडवी होईल. तेव्हा कुंडीत लावा. कुंडीत ती लहान राहते.

पत्र फिन्टनने वाचलं होतं. निलगिरीने वाचलं नव्हतं.

शिवाय फिन्टनच्या घराला मागे नुसता कातळ. जागा म्हणजे काय ती पुढच्या दाराशी, फूटपाथला लागून. तिथे त्याने मोठी मातीची कुंडी ठेवली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पोस्टानेच, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं कमरेएवढं रोप आलं. फिन्टनने ते लावलं, हात धुतले आणि नोरीनला बाहेर बोलावलं.

नोरीन बराच वेळ झाडाकडे बघत राहिली.

"निलगिरी," ती म्हणाली.

"हो."

"इथे."

"हो. कशी आहे?"

"छान आहे," नोरीन म्हणाली.

आता आमच्याकडे "छान आहे" हे शवपेटीत ठेवलेल्या माणसाच्या चेहऱ्याबद्दलही म्हणतात. पण फिन्टनला आनंदाने काही सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पडदा सरकवून बघितलं तर नोरीन झाडाला पाणी घालत होती. झालं, काम फत्ते, त्याला वाटलं. बारा ऑक्टोबर गेली समुद्रात.

मग गावाचे सल्ले सुरू झाले. रॉसकारिगमध्ये निलगिरी आयुष्यात कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं होतं. कॉन्सेप्टा म्हणाली, चहाचा चोथा घाल. कसायाने सांगितलं, हाडांचा चुरा. फादर म्हणाले, कापा तिला, निर्दयपणे कापा, आणि हे त्यांनी इतक्या आवेशाने सांगितलं की फिन्टनला आपल्या हातून काही पाप झालंय की काय असं वाटलं. आणि मॉसी आला.

मॉसी मासेमार. तो कधी चुकला नव्हता, कारण चुकलेल्या गोष्टी तो मोजायचाच नाही.

"मासळी घाल," मॉसी म्हणाला.

"झाडाला?"

"मग कुणाला, तुला? माझी आजी गुलाबाच्या मुळाशी बांगड्याची डोकी पुरायची. गुलाब कोबीएवढे यायचे."

"पण खारट..."

"फिन्टन, तू तिकिटं चाटून आयुष्य काढलंस. मुळांना काय लागतं ते मला सांगू नकोस."

फिन्टनने बांगड्याची सहा डोकी पुरली. दुसऱ्या दिवशी पहाटे गावातले झाडून सगळे समुद्रपक्षी त्याच्या दाराशी सभेला जमले. साडेपाच वाजता तो पायजम्यावर, हातात निवृत्तीची छत्री घेऊन त्यांना हाकलत होता, आणि समोरून दूधवाला अगदी हळू, एकेक घर दिसेल अशा वेगाने गाडी हाकत गेला. कुंडी फुटली ती तेव्हाच. पक्ष्यांनी नाही फोडली. छत्रीने फुटली.

पण झाड? झाडाला मासळी मानवली. मे संपेपर्यंत ते फिन्टनच्या खांद्याला आलं. कुंडीतून लोखंडी बादलीत गेलं, बादलीतून आईच्या जुन्या कपडे धुवायच्या टबात, आणि जूनमध्ये पबवाल्याने व्हिस्कीचं अर्धं कापलेलं पिंप दिलं, त्यात. कुंडीतली निलगिरी पाणी किती पिते हे कुठल्या पत्रात लिहिलेलं नसतं. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. एक दिवस चुकला तर पानं अशी लटकायची की येणारेजाणारे आत डोकावून विचारायचे, घरात कुणी गेलं का.

आणि वारा. आमचा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि रिकाम्या हाताने परत जात नाही. दाट पानांचं झाड कुंडीत उभं करणं म्हणजे शीड उभं करणं. हे मॉसीने सांगायला हवं होतं, पण तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहिती असेल." पहिल्या वादळात झाड आडवं. फिन्टनने ते फाटकाला दोरीने बांधलं. दुसऱ्या वादळात फाटक आडवं. तिसऱ्या वादळाची बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा भाऊबहिणीने मिळून झाड आत ओढलं. पॅसेजमध्ये मावेना, तेव्हा मातीच्या गोळ्यासकट बाथटबमध्ये उभं केलं, आणि ते तिथे शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत राहिलं.

"शनिवारची आंघोळ?" फिन्टनने दबकत विचारलं.

"मी तिकडे चाळीस वर्षं झाडाआडच आंघोळ केली," नोरीन म्हणाली. "तुझं तू बघ."

फिन्टनने त्या रविवारी आंघोळ न करताच, कॉलर वर करून चर्चला जायचं ठरवलं. पण मनातून तो सुखात होता. चाळीस वर्षं झाडाआड! म्हणजे तिला ते सगळं आठवतंय. औषध लागू पडतंय.

जुलैमध्ये कौन्सिलचं पत्र आलं.

पत्र बघून आधी त्याला बरंच वाटलं. सरकारी पाकीट, नीट घडी, तारीख जागच्या जागी. मग त्याने वाचलं. सार्वजनिक फूटपाथवर विनापरवाना अडथळा. खुलासा करावा. फिन्टनने सोबतचा फॉर्म इतक्या प्रेमाने भरला की तसा फॉर्म त्या कार्यालयाने कधी पाहिला नसेल. आठवड्याने तो परत आला. शाई काळी होती, निळी हवी.

अडतीस वर्षं त्याने लोकांचे फॉर्म परत केले होते. विधवांचे केले, शेतकऱ्यांचे केले, एकदा तर फादरचाही केला. आज पहिल्यांदा त्याचा परत आला. तो स्वयंपाकघरात बसला आणि पाकिटाकडे बघत म्हणाला, "नोरीन, मी वाईट माणूस होतो का गं?"

"निळ्या शाईने भर आणि जेवायला ये," नोरीन म्हणाली.

निळ्या शाईचा फॉर्म गेला आणि त्यापाठोपाठ टूमी नावाचा एक पोरगेलासा अधिकारी मोजपट्टी घेऊन आला. फार सभ्य मुलगा. त्याने पिंप मोजलं, झाड मोजलं, फूटपाथ मोजला, चहाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतला, आणि मग डोकं खाजवत बसला.

"अडचण अशी आहे मिस्टर कॉटर, की हे झाड आहे म्हटलं तर फूटपाथवर झाड लावायला उद्यान खात्याची परवानगी लागते. आणि उद्यान खातं म्हणेल, हे जमिनीत नाही, आमचं नाही."

"मग पिंप म्हणा."

"पिंप म्हटलं तर ते फर्निचर. रस्त्यावर फर्निचर फक्त हॉटेलवाल्यांना."

"मग मी काय करू?"

टूमीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला मी हे सांगितलं नाही. पण हलणाऱ्या वस्तूवर आमचा नियमच नाही. बाबागाडी, हातगाडी... त्याला आम्ही काही करू शकत नाही."

मॉसीकडे धक्क्यावर मासळीचे खोके वाहायची चार चाकांची चपटी गाडी होती. त्या संध्याकाळी सहा माणसांनी मिळून पिंप त्या गाडीवर चढवलं, चाकाखाली एक दगड सरकवला, आणि फिन्टन कॉटरने कौन्सिलला निळ्या शाईत कळवलं की सदरहू वस्तू ही आता हलणारी आहे.

हे वाक्य किती खरं ठरणार होतं, ते त्याला सप्टेंबरात कळलं.

सप्टेंबरात कॉन्सेप्टाच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या दिवशी ऊन पडावं म्हणून आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बाळ येशूची मूर्ती अंगणात झाडाखाली ठेवतात. डोक्यावर मुकुट, अंगावर लाल झगा, हाताएवढी मूर्ती, घरटी एक असतेच. आणि ह्या कामावर असताना जर अपघाताने तिचं डोकं तुटलं, तर मग ऊन पडणारच, त्याला तोड नाही. पण अपघातानेच हां. मुद्दाम तोडलं तर पाऊस.

कॉन्सेप्टाच्या अंगणात झाड नव्हतं. गल्लीत झाड एकच होतं.

"फिन्टन, तुझ्या झाडाखाली ठेवू का?"

"ठेव की."

"पिंप हलत नाहीये ना? पडणार नाही ना?"

"कॉन्सेप्टा, ह्या पिंपाला अख्खं कौन्सिल हलवू शकलं नाही."

तिने मूर्ती पिंपात मातीवर उभी केली आणि मागे सरून बघितलं. मूर्ती जरा वाकडी वाटली. म्हणून तिने एक दगड खाली लावला. दगड शोधायला ती लांब गेली नाही. पायाशीच एक छान चपटा दगड होता, चाकाखाली.

गाडी आधी नुसती कण्हली. मग निघाली.

आमची मोठी गल्ली चर्चपासून धक्क्यापर्यंत सरळ उतार आहे, आणि वारा होता पाठीमागून. निलगिरीने शीड फुगवलं. फिन्टन दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं झाड सावकाश, मानाने, बाळ येशूला घेऊन गावाकडे चाललं.

आता गावाच्या बाजूने बघा. संध्याकाळची वेळ, लोक दारात बसलेले. आणि गल्लीतून पानांच्या रुपेरी छत्राखाली मुकुट घातलेली मूर्ती येते आहे, मागून कॉटर पोस्टमास्तर सपाता घालून, हातात कप धरून धावतो आहे, आणि त्याच्यामागे कॉन्सेप्टा "येशू! येशू!" ओरडते आहे. लोकांना काय वाटणार? पबच्या दारातले म्हातारे उठले, टोप्या काढल्या. बाया गुडघ्यावर बसल्या. कसायाने दुकानाचा दिवा मालवला. मिसेस लेहीने पर्समधून जपमाळ काढून मागोमाग चालायला सुरुवात केली, तिला बघून तिची बहीण निघाली, तिला बघून शाळामास्तर. आज कुठला सण आहे हे कुणालाच आठवेना, पण विचारायची लाज वाटत होती. असं करत धक्क्यापर्यंत पन्नासेक माणसांची मिरवणूक झाली, आणि एकाही इसमाने हात पुढे करून गाडी अडवली नाही. देवाची गाडी अडवणार कोण?

गाडी मॉसीच्या वाळत घातलेल्या जाळ्यात शिरली आणि थांबली. पिंप कलंडलं. निलगिरी बुंध्यापासून सरळ दोन हातांवर मोडली. मूर्तीचं डोकं टुणकन उडून मॉसीच्या पायाशी आलं.

मिरवणूक जागच्या जागी थांबली.

मॉसीने डोकं उचललं, बघितलं. "अपघातानेच ना?" त्याने विचारलं.

"अपघातानेच," पन्नास माणसं एकदम म्हणाली.

कॉन्सेप्टाने तिथेच फिन्टनला मिठी मारली. अख्ख्या गावासमोर. फिन्टनच्या हातातला चहा तिच्या पाठीवर सांडला आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही.

लग्नाच्या दिवशी असं ऊन पडलं की नवरदेवाचं नाक सोललं. मोडलेल्या झाडाच्या फांद्या बायकांनी रातोरात, न विचारता, चर्चमध्ये लावल्या. नवरीच्या गुच्छात निलगिरी, खांबाखांबाला निलगिरी. त्या दिवशी चर्चमध्ये खोकला म्हणून कुणाला आला नाही. फादरचं प्रवचन कधी नव्हे ते अखंड ऐकावं लागलं.

आणि फिन्टन? तो लग्नाला गेला, केक खाल्ला, आणि घरी येऊन दाराशी उभा राहिला. मॉसीने पिंप परत आणून ठेवलं होतं. पिंपात दोन हात उंचीचा एक ओंडका. एक पान नाही.

आज तारीख होती बावीस सप्टेंबर.

नोरीन बाहेर आली, लग्नातली टोपी अजून डोक्यावरच. ओंडक्याकडे बघून तिने मोठा श्वास सोडला. फिन्टनला वाटलं, आता ही रडणार.

"चला," नोरीन म्हणाली. "सुटले एकदाची."

"काय?"

"रागावू नकोस हं. तुझा जीव होता त्याच्यावर. पण मला ते झाड कधी म्हणून आवडलं नाही रे. तिकडे उन्हाळा आला की ती झाडं नुसती वाजायची. फांदी पडेल का, आग लागेल का. एका वर्षी आग कुंपणापर्यंत आली होती, लेस छपरावर पाण्याची नळी घेऊन बसला होता. मी खाली उभी राहून काय म्हणत होते माहितीय? म्हणत होते, देवा, मला एकदा रॉसकारिगची ओली भिंत दाखव."

फिन्टन तिच्याकडे वळला. "मग तू... रोज पाणी का घालायचीस? चार चार बादल्या?"

"तुझं होतं ना ते! मला वाटलं, रिटायर झालाय, एकटा आहे, छंद लागलाय बिचाऱ्याला. मी गेल्यावर तेवढीच सोबत होईल. म्हणून जगवत होते."

ती आत गेली. फिन्टन ओंडक्याजवळ उभा राहिला. सहा महिने. बांगडे, पिंप, कौन्सिल, बाथटब. दोघांनी मिळून, जिवापाड, एक झाड वाढवलं होतं जे दोघांपैकी एकालाही नको होतं.

आता त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. फक्त ते बोलणं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी नोरीन बटाटे सोलत होती तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला. खिडकीकडे तोंड केलं. घसा साफ केला. "ते बारा तारखेचं विमान," तो खिडकीला म्हणाला, "तू नसलीस तरी उडतच असेल. नाही का? म्हणजे... राहायचं असेल तर... खोली काय, आहेच."

"छे, काहीतरीच," नोरीन म्हणाली. "तुला कशाला त्रास."

"बरं," फिन्टन म्हणाला. आणि बाहेर गेला.

पायरीवर बसला. त्याचं तोंड बघून कॉन्सेप्टा कुंपणाशी आली. तिला सांगावं लागलं नाही, तिने काढून घेतलं.

"विचारलंस?"

"विचारलं. नको म्हणाली."

"कितीदा विचारलंस?"

"कितीदा म्हणजे? एकदा."

कॉन्सेप्टाने कपाळाला हात लावला. "एकदा! अरे, त्या कौन्सिलच्या पोराला चहाचं तू तीनदा विचारलंस. सख्ख्या बहिणीला एकदा?"

"ती तिकडची झाली गं आता. तिकडे नको म्हणजे नको असतं."

"तिकडची? परवा माझ्याकडे केकला दोनदा नको म्हणाली आणि मग तीन तुकडे खाल्ले! आल्यापासून आठवड्यात इकडची झाली ती. तुला मेल्या दिसत कसं नाही? ऊठ. आत जा."

आता बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण रॉसकारिगमध्ये पहिलं नको म्हणजे नुसता रामराम असतो. दुसरं नको म्हणजे, तू खरंच म्हणतोयस का, अशी चौकशी. खरी बोलणी तिसऱ्यापासून सुरू होतात. एकदाच विचारून "बरं" म्हणून निघून जाणं ही आमच्याकडे शिवी आहे. फिन्टनला हे पाळण्यापासून ठाऊक होतं. फक्त ही गोष्ट चहाहून मोठी असली तरी तोच नियम लागतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

तो आत गेला. बटाटे तितकेच होते. सोललेला एकही वाढला नव्हता.

"नोरीन, खरंच राहा."

"नको रे. तुझ्या सवयी मोडतील. मी रेडिओ केवढ्याने लावते."

"लाव."

नोरीनच्या हातात सुरी तशीच.

फिन्टनने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. मध्ये जाळी नाही, काउंटर नाही. कान लाल झाले होते. "मला तू इथे हवी आहेस," तो म्हणाला. "घरात कुणीतरी बोलतंय हे मला बरं वाटतं. बस. झालं माझं."

नोरीनने हात लांबवून टपटपता नळ घट्ट केला.

"मार्चपासून वाट बघतेय मी," नोरीन म्हणाली. "म्हटलं, हा एका शब्दाने विचारत नाही, ह्याला मी जायला हवी असेन. तू बोलतच नव्हतास. नुसता त्या झाडाभोवती."

"ते झाड म्हणजेच मी..." फिन्टन म्हणाला, आणि पुढचं राहू दिलं.

"राहते," नोरीन म्हणाली. तिने बाहीने नाक पुसलं आणि एकदम कामाला लागल्यासारखी ताठ बसली. "पण तिकडचं घर विकावं लागेल. एकदा जाऊन यावं लागणार. महिनाभर." तिने एक बटाटा उचलला. "तू येतोस बरोबर?"

फिन्टन आयुष्यात कधी कॉर्क शहराच्या पलीकडे गेला नव्हता.

"छे," तो म्हणाला. "मला कशाला."

"चल की. लेसची बाग दाखवते तुला."

"नको गं. उगाच तुला भार."

नोरीनने बटाटा खाली ठेवला, सुरी ठेवली, हात पुसले आणि त्याच्याकडे वळून नीट बसली. फिन्टन टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, तिच्या तोंडाकडे बघत राहिला.